बातमीतला वारा आणि वाऱ्यावरची बातमी

या अंकासाठी निवडलेल्या पत्रांमध्ये ‘वारा’ या एकाच शब्दाविषयीच्या शंका इतक्या निघाल्या, की इतर पत्रांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून हे सदर संपूर्णपणे त्याच शब्दाला दिले आहे. पत्रे पाठवणाऱ्यांत वृत्तपत्राच्या कचेरीत काम करणारे आहेत, पत्रकारिता शिकणारे आहेत आणि रोजचा पेपर बारकाईने वाचणारेही आहेत. जागेअभावी प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : मी एका दैनिकात उपसंपादक आहे. वादळाच्या दिवसांत येणाऱ्या बातम्यांत कधी ‘वाऱ्याचा वेग ७० किमी’, कधी ‘ताशी ७० किमी प्रति तास’, तर कधी ‘वारे पश्चिम दिशेने’ असे लिहिलेले असते. यांपैकी काय ठेवावे आणि काय कापावे?

उत्तर : तिन्ही कापावेत. ‘वेग ७० किमी’ हे वेगाचे माप नव्हे, ते अंतर झाले. ‘ताशी’ या शब्दातच ‘दर तासाला’ हा अर्थ आलेला असल्यामुळे ‘ताशी ७० किमी प्रति तास’ या रचनेत तास दोनदा मोजला जातो. ‘ताशी ७० किमी’ एवढे पुरेसे आहे. समुद्रावरच्या बातमीत नॉट हे एकक आले, तर त्याच्या आधी ‘ताशी’ मुळीच लावू नये, कारण एक नॉट म्हणजेच ताशी १.८५२ किमी. ‘ताशी ४० नॉट’ लिहिणाऱ्याला एककाची ओळख नाही, हे जाणकार वाचकाला तत्काळ कळते.

याहून गंभीर चूक आकड्याच्या निवडीत होते. हवामान विभागाच्या पत्रकात ‘वाऱ्याचा वेग ताशी ६० ते ७० किमी, झोतांचा वेग ८० किमीपर्यंत’ अशी रचना असते. यातले पहिले दोन आकडे सलग वाहणाऱ्या वाऱ्याच्या सरासरीचे असतात आणि शेवटचा आकडा क्षणभर येणाऱ्या झोताचा असतो. बातमीदार बहुधा त्यांतला सर्वांत मोठा आकडा उचलतो आणि ‘ताशी ८० किमी वेगाने वारे वाहणार’ असे लिहितो. सरासरी किती वेळाची, यावरही आकडा बदलतो. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळासाठी तीन मिनिटांची सरासरी धरतो, जपानची हवामान संस्था दहा मिनिटांची आणि अमेरिकी संस्था एका मिनिटाची. सरासरीचा काळ जितका कमी, तितका आकडा चढा. त्यामुळे एकाच वादळाचा वेग परदेशी बातमीत जास्त दिसला, तर त्यावरून ‘तज्ज्ञांमध्ये मतभेद’ असा मथळा देण्याचे काही कारण नाही. शिवाय हे सर्व आकडे जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचे असतात, हेही एखाद्या चौकटीत वाचकाला सांगायला हरकत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग ६० वरून १२० झाला, तर छपरावरचा दाब दुप्पट न होता चौपट होतो. आकडा निष्काळजीपणे फुगवला की धोकाही किती फुगतो, हे यावरून लक्षात यावे.

आणखी एक गल्लत तर माणसांच्या हालचालींशी संबंधित असल्यामुळे अक्षम्यच म्हणावी लागेल. चक्रीवादळाला दोन वेग असतात. एक त्याच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या वाऱ्याचा आणि दुसरा ती संपूर्ण प्रणाली ज्या गतीने पुढे सरकते तिचा. वाऱ्याचा वेग ताशी १२० किमी असताना वादळ स्वतः ताशी १५ किमी गतीने सरकत असू शकते. ‘किनाऱ्यापासून ३६० किमीवर असलेले वादळ ताशी १२० किमी वेगाने किनाऱ्याकडे येत आहे’ असे छापले, तर वाचक ते तीन तासांत येणार असा हिशेब करील. प्रत्यक्षात त्याला चोवीस तास लागणार असतात. अशा वाक्यात ‘वाऱ्याचा वेग’ आणि ‘वादळाची गती’ असे दोन वेगळे शब्द कटाक्षाने वापरावेत.

आता दिशा. वारा ज्या दिशेकडून येतो, त्या दिशेने तो ओळखला जातो. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, नैर्ऋत्येकडे जात नाहीत. सागरी प्रवाहांच्या बाबतीत नेमके उलट आहे. ते ज्या दिशेकडे वाहतात ती दिशा सांगितली जाते. म्हणून ‘वारे पश्चिम दिशेने’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते आणि छापण्यास निरुपयोगी ठरते. ‘पश्चिमेकडून’ असे लिहिले की शंका उरत नाही. ही दिशेची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे अलंकारिक वाऱ्याच्या चर्चेत तिचे काम पडणार आहे.

‘सोसाट्याचा’, ‘भणाणता’, ‘बोचरा’ या विशेषणांबद्दल आपण विचारलेले नाही, पण ओघाने सांगतो. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या जोराच्या ० ते १२ अशा पायऱ्या ठरवल्या. त्या पायऱ्यांची जमिनीवरची लक्षणेही पुढे निश्चित झाली. उदाहरणार्थ, सहाव्या पायरीला, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किमी वेगाला, छत्री सांभाळणे कठीण होते. आठवी पायरी ताशी ६२ किमीपासून सुरू होते आणि त्या वाऱ्यात झाडांच्या लहान फांद्या मोडतात. आपल्या ‘सोसाट्याचा’ या शब्दाला असा ठरलेला आकडा नाही. प्रत्यक्ष पाहिलेल्या दृश्याच्या वर्णनात तो अवश्य वापरावा, अंदाजाच्या बातमीत मात्र आकडाच द्यावा.

प्रश्न : ‘महाचक्रीवादळ’ हा शब्द बातम्यांत कधी जोडून, तर कधी ‘महा चक्रीवादळ’ असा तोडून लिहिलेला दिसतो. शुद्ध कोणता?

उत्तर : दोन्ही शुद्ध आहेत, पण दोहोंचा अर्थ एक नाही. ‘महाचक्रीवादळ’ ही वर्गवारी आहे. भारतीय हवामान विभागाच्या कोष्टकात ताशी ६२ किमीला ‘चक्रीवादळ’ सुरू होते, आणि तीव्रतेच्या पायऱ्या चढत वाऱ्याचा वेग १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किमी झाला, की ते ‘महाचक्रीवादळ’ ठरते. ‘महा’ हे मात्र एका विशिष्ट वादळाचे नाव होते. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना २००४ पासून नावे दिली जातात आणि ती नावे या भागातील देशांनी आधीच सुचवून ठेवलेली असतात. ओमानने सुचवलेले ‘महा’ हे नाव २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रातल्या एका वादळाच्या वाट्याला आले. योगायोग असा, की त्याच्या काही दिवस आधी त्याच समुद्रात उठलेले ‘क्यार’ हे वादळ खरोखर महाचक्रीवादळाच्या पायरीला पोहोचले होते, आणि ‘महा’ मात्र त्या पायरीच्या खालीच राहिले. म्हणजे त्या पंधरवड्यात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ होते आणि ‘महा’ हे महाचक्रीवादळ नव्हते. दोन शब्दांमधली मोकळी जागा गळाली, की बातमी खोटी ठरत होती.

त्याच वर्षी जूनमध्ये भारताने सुचवलेले ‘वायू’ हे वादळ येऊन गेले आणि डिसेंबरात श्रीलंकेने सुचवलेले ‘पवन’. वाऱ्याच्या बातमीला वाऱ्याचेच नाव, असा प्रकार एका वर्षात दोनदा घडला. ‘वायू’च्या बाबतीत अडचण अशी, की आजच्या वृत्तपत्रीय मराठीत या शब्दाचा पहिला अर्थ वारा असा उरलेला नाही. वायुगळती, विषारी वायू, वायूचा लोट अशा प्रयोगांमुळे तो ‘गॅस’ या अर्थी स्थिरावला आहे. ‘किनारपट्टीला वायूचा धोका’ हा मथळा वाचून एखाद्याच्या मनात कारखाना आला, तर दोष वाचकाचा नाही. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलेल्या वादळाचे नाव बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’ होते. ‘निसर्गाचा तडाखा’ हे शब्द नेहमीचे असल्यामुळे त्यातले विशेषनाम वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. म्हणून नाव पहिल्यांदा येते तेथे ते अवतरणचिन्हांत घालून त्याच्यापुढे ‘चक्रीवादळ’ हा शब्द लिहावा आणि विभक्तीप्रत्यय त्या शब्दाला लावावा : ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा तडाखा.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. एकाच पानावर ‘किनारपट्टीवर वादळी वाऱ्याचा इशारा’ आणि ‘पक्षात नाराजीचे वारे’ असे दोन मथळे पाहिले. दुसऱ्या मथळ्यातला वारा अलंकारिक आहे हे समजते. पण बातमी वस्तुनिष्ठ असावी असे आम्हाला शिकवले जाते. मग तिच्यात असा वारा चालतो का?

उत्तर : अलंकार आहे म्हणून तो त्याज्य ठरत नाही. बातमीची भाषा अलंकारांशिवाय चालतच नाही. ‘सभा तहकूब झाली’ हे कोरडे वाक्य सोडले, तर ‘वातावरण तापले’, ‘चर्चेला उधाण आले’, ‘प्रकरण चिघळले’ ही सगळी वाक्ये अलंकारिकच आहेत आणि त्यांतली बहुतेक इतकी झिजली आहेत, की त्यांतला अलंकार कोणाच्या लक्षातही येत नाही. अलंकारिक वाऱ्याविषयीची माझी तक्रार वेगळ्या कारणाने आहे.

खरा वारा कोठून येतो यावरून ओळखला जातो, हे वर सांगितले. अलंकारिक वारा मात्र तो कोठे चालला आहे यावरून ओळखला जातो. ‘बदलाचे वारे’ म्हणजे बदलाकडे नेणारे वारे, ‘बंडाचे वारे’ म्हणजे बंडाच्या दिशेने जाणारे वारे. ते कोठून सुटले, कोणी सोडले, याबद्दल त्या शब्दांत एक अक्षर नसते आणि विचारण्याची सोयही नसते, कारण वाऱ्याला कर्ता नसतो. ‘पक्षात नाराजीचे वारे वाहू लागले आहेत’ हे वाक्य घ्या. नाराज कोण? किती जण? नाराजी कोणावर? बातमीदाराला ती कशावरून कळली? या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर न देता वाक्य पूर्ण झालेले आहे आणि वर ते काही तरी सांगितल्यासारखे भासते. ‘सूत्रांनी सांगितले’ या बदनाम शब्दप्रयोगातसुद्धा निदान कोणी तरी माणूस बोलला आहे असे गृहीत असते. ‘वारे वाहू लागले’ यात तेवढीही जबाबदारी नाही.

याच वाक्याच्या जागी ‘पक्षाच्या सात नगरसेवकांपैकी तिघे काल बोलावलेल्या बैठकीला आले नाहीत आणि त्यांपैकी एकाने तिकीटवाटपाबद्दल उघड नापसंती व्यक्त केली’ असे वाक्य असते, तर वाचकाला वारा स्वतःच जाणवला असता. बातमीदाराकडे ही माहिती असेल, तर त्याला वाऱ्याची गरज नाही. ती नसेल, तर त्याच्याकडे अजून बातमी नाही. मुळात माहिती देऊन झाल्यावर मथळ्यात किंवा उपमथळ्यात वारा आला, तर माझी हरकत नाही. मथळ्याला थोड्या शब्दांत खूप सांगायचे असते आणि ‘नाराजीचे वारे’ हे दोन शब्द त्या कामाला बरे आहेत. अग्रलेखात आणि स्तंभलेखनात तर लेखक स्वतःच्या नावाने किंवा पत्राच्या वतीने अनुमान करत असतो, तेथे त्याने वारे खुशाल वाहू द्यावेत.

या शब्दाच्या नात्यातल्या इतर शब्दांनाही आपापल्या जागा आहेत आणि त्या सांभाळल्या जात नाहीत. निवडणुकीच्या बातमीत ‘वारे’ हा शब्द आरंभीच्या चाहुलीसाठी आहे. ‘निवडणुकीचे वारे’ म्हणजे अजून काही घडलेले नाही, पण लगबग सुरू झाली आहे. ‘हवा’ बहुधा एखाद्या व्यक्तीची किंवा पक्षाची असते आणि तिच्यात कोणाच्या बाजूने, हे आलेले असते. ‘लाट’ हा शब्द त्याही पुढचा आहे, आणि माझ्या मते तो निकालानंतरच वापरावा, कारण लाट होती की नव्हती हे जागांच्या आकड्यावरूनच ठरते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला ४०० हून अधिक जागा मिळाल्या, तेव्हा ‘सहानुभूतीची लाट’ या शब्दांना आकड्याचा आधार होता. मतदानाआधीच दोन गावांतल्या सभांची गर्दी पाहून लिहिलेल्या ‘लाटे’ला तो नसतो.

एक गंमत अशी, की खरा वारा सुटतो, वाढतो, फिरतो आणि शेवटी पडतोही. ‘वारा पडला’ हे शब्द नाखव्यांच्या तोंडी नेहमीचे आहेत. वृत्तपत्रांतले वारे मात्र केवळ वाहू लागतात. ‘नाराजीचे वारे पडले’ अशी बातमी मी आजवर वाचलेली नाही. जे वारे वाहू लागल्याचे छापले, त्यांचे पुढे काय झाले हे सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

प्रश्न : ‘निवडणुकीचे वारे वाहत आहेत’ बरोबर, की ‘वाहत आहे’? आमच्याकडे दोन्ही छापले जाते.

उत्तर : ‘वारा’ पुल्लिंगी आहे. त्याचे अनेकवचन ‘वारे’, म्हणून ‘वारे वाहत आहेत’. परंतु बोलीत ‘वारं’ असे नपुंसकलिंगी एकवचनही रूढ आहे आणि लिहिताना त्याचेही रूप ‘वारे’ असेच होते : ‘गार वारे सुटले आहे’, ‘त्याच्या अंगात वारे शिरले आहे’. भूतकाळात ‘वारे सुटले’ या एकाच रूपात दोन्ही सामावतात, म्हणून गोंधळ लपून राहतो. वर्तमानकाळ आला की तो उघडा पडतो. अलंकारिक प्रयोगात अनेकवचनाची प्रथा पक्की झालेली असल्यामुळे बातमीत ‘आहेत’ ठेवावे. ‘अंगात वारे संचारले आहे’ किंवा ‘कानात वारे शिरले आहे’ अशा वाक्प्रचारांत मात्र एकवचनच ठेवावे. तेथे ‘आहेत’ कानाला खटकते.

पत्राच्या शेवटी आपण ‘वाऱ्याने’ हा शब्द रफार देऊन लिहिला आहे. तसे करू नये. रफार दिला, की उच्चार ‘कार्याने’सारखा जोरकस होतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांत जो फरक आहे तोच हा.

प्रश्न : वादळात घरांची छपरे उडाल्यानंतर आठवड्याने आमच्या दैनिकाने ‘वादळग्रस्त वाऱ्यावर’ असा मथळा दिला. काही वाचकांना तो क्रूर विनोद वाटला, काहींना चपखल वाटला. आपले मत काय?

उत्तर : ‘वाऱ्यावर सोडणे’ या वाक्प्रचारात एक महत्त्वाची अट दडलेली आहे. ज्याने सांभाळायला हवे होते, त्यानेच सोडून दिले पाहिजे. पालक मुलांना, मालक कामगारांना, शासन नागरिकांना वाऱ्यावर सोडते. कोणाचीही जबाबदारी नसलेला माणूस वाऱ्यावर सोडला जात नाही. त्यामुळे या मथळ्यात आरोप आहे आणि तो कोणावर आहे हे मात्र त्यात नाही. ‘रुग्ण वाऱ्यावर’, ‘प्रवासी वाऱ्यावर’, ‘शेतकरी वाऱ्यावर’ असे क्रियापद गाळलेले मथळे आपल्याकडे इतके झाले आहेत, की ‘सोडणारा कोण’ हा प्रश्नच वाचक विचारत नाही.

आपल्या मथळ्यातला श्लेष मला चपखल वाटतो, कारण त्या माणसांच्या डोक्यावरचे छप्पर खरोखर वाऱ्याने नेले आहे आणि त्यानंतर त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नाही. दोन्ही अर्थ त्यांच्या हालांकडेच बोट दाखवतात, त्यांची थट्टा करत नाहीत. मात्र मथळ्याखालच्या पहिल्या दोन वाक्यांत पंचनामे झाले का, मदत मंजूर झाली का, झाली असल्यास कोणत्या टेबलावर अडली, हे आले पाहिजे. ते नसेल, तर वाचकांना झालेला विनोदाचा भास रास्त मानावा लागेल. ज्या बातमीत मृत्यू आहेत तिच्या मथळ्यात शब्दांशी खेळू नये, श्लेष कितीही चांगला सुचला असला तरी.

प्रश्न : ‘हवा’ आणि ‘वारा’ यांत बातमीच्या दृष्टीने फरक कसा करावा?

उत्तर : हवा स्थिर असू शकते. ती वाहू लागली, की तिला वारा म्हणतात. प्रदूषण हवेचे, वेग वाऱ्याचा. एवढा फरक शब्दशः अर्थाला पुरतो. अलंकारिक अर्थात ‘हवा’ बहुतेक वेळा पोकळपणाची खूण असते. आश्वासने हवेत विरतात, इमले हवेत बांधले जातात, दाव्यातली हवा काढून घेतली जाते. तरुणांच्या बोलीतले ‘हवा करणे’ आता मथळ्यांतही आले आहे आणि त्यातला दिखाऊपणाचा अर्थही याच पोकळपणातून आलेला आहे.

सावध राहण्याजोगा प्रयोग ‘हवेत गोळीबार’ हा आहे. जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी बंदुका वर करून गोळ्या झाडल्या, तर ते शब्दशः सत्य असते आणि त्याची चौकशीही होऊ शकते. एखाद्या नेत्याने पुराव्याविना आरोप केले, तर तोही ‘हवेत गोळीबार’. दंगलीच्या दिवसांत राजकीय बातमीला हा मथळा दिला, तर घाईने वाचणाऱ्याचा काय समज होईल याचा विचार करावा. दुसरी अडचण शुद्ध मराठी आहे. ‘पाहिजे’ या अर्थीचा ‘हवा’ मथळ्यात शेजारी आला, की शब्द एकमेकांवर आदळतात. ‘शुद्ध हवा हवी’ हे जमून जाते, पण ‘शहराला बदल हवा’ आणि ‘शहरात बदलाची हवा’ यांत एक मागणी आहे आणि दुसरे निरीक्षण आहे. उपसंपादकाने जागा वाचवताना एकाचे दुसरे करून टाकू नये.

प्रश्न : इंग्रजी बातम्यांचा अनुवाद करताना ‘विंड ऑफ चेंज’, ‘हेडविंड’, ‘विंडफॉल’ असे शब्द वारंवार येतात. त्यांचे काय करावे?

उत्तर : प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. ‘परिवर्तनाचे वारे’ मराठीत इतके मुरले आहे, की त्याला अनुवाद म्हणणेही आता योग्य नाही. ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी ३ फेब्रुवारी १९६० रोजी केप टाउन येथे दक्षिण आफ्रिकेच्या संसदेपुढे केलेल्या भाषणामुळे हा प्रयोग जगभर पसरला. जानेवारीत त्यांनी अक्रा येथे तोच विचार मांडला होता, पण त्याचा गाजावाजा झाला केप टाउननंतर. त्या भाषणात वारा एकवचनी होता. लोकांच्या स्मरणात आणि वृत्तपत्रांत तो अनेकवचनी झाला आणि १९६६ साली आत्मचरित्राचा पहिला खंड काढताना मॅकमिलन यांनीही त्याच्या नावात अनेकवचनच घेतले. आपल्याकडे अनेकवचन आधीच नैसर्गिक असल्यामुळे हा प्रश्न कधी पडला नाही. हे वारे आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्याविषयी होते. आज एखाद्या पतसंस्थेचे संचालक मंडळ बदलले तरी ‘परिवर्तनाचे वारे’ वाहतात, तेव्हा मोठा शब्द फारच स्वस्तात खर्च होतो.

‘हेडविंड’ अर्थविषयक बातम्यांत येतो आणि त्याचा अर्थ अडथळा आणणारी परिस्थिती असा असतो. ‘प्रतिकूल घटक’ असे सरळ लिहावे. विमानाच्या बातमीत मात्र तो शब्दशः असतो आणि तेथे ‘समोरून येणारा वारा’ असेच लिहावे लागते. येथे अलंकार आणि वास्तव यांची फारकत पाहण्याजोगी आहे. उड्डाण करताना आणि उतरताना वैमानिकाला समोरून येणारा वाराच हवा असतो, कारण त्यामुळे पंखांना उचल लवकर मिळते आणि कमी धावपट्टी लागते. आकाशात उंचावर गेल्यावर तोच वारा इंधन खातो. म्हणून विमानविषयक बातमीत ‘हेडविंड’चे सरसकट ‘प्रतिकूल वारा’ करू नये.

‘विंडफॉल’चा मूळ अर्थ वाऱ्याने झाडावरून पडलेले, कष्टांविना हाती आलेले फळ असा आहे. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये देशांतर्गत खनिज तेलाच्या उत्पादनावर लावलेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलेला कर या नावाने ओळखला गेला. ‘अनपेक्षित नफ्यावरील कर’ असे लिहिले, तर तो कशावर होता हे वाचकाला कळते. ‘घबाड’ हा आपला शब्द अर्थाने जवळचा आहे, पण त्याला संशयाचा वास आहे. करविषयक बातमीत तो नको.

राहिला ‘वाऱ्याची कुणकुण’ हा आपण पाठवलेला नमुना. इंग्रजीत गुपिताचा वारा लागतो, मराठीत कुणकुण लागते किंवा सुगावा लागतो. दोन्ही एकत्र बांधण्याची गरज नाही.

प्रश्न : धावपटू ‘वाऱ्याच्या वेगाने’ धावला असे क्रीडापानावर नेहमी असते. वारा नेमका किती वेगाने धावतो?

उत्तर : उसेन बोल्ट याने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. त्याची सरासरी काढली, तर ताशी साधारण साडेसदतीस किमी होते. वर उल्लेखलेल्या ब्यूफोर्टच्या पायऱ्यांवर ही पाचवी पायरी आहे. तिच्या वाऱ्यात लहान झाडे डोलू लागतात, इतकेच. वाक्प्रचार म्हणून ‘वाऱ्याच्या वेगाने’ राहू द्यावे, त्याने कोणाची दिशाभूल होत नाही.

क्रीडापानावर खरा वारा मात्र अनेकदा गाळला जातो, आणि तो गाळण्याजोगा नाही. १०० आणि २०० मीटर धावणे, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल, तर ती कामगिरी विक्रम म्हणून धरली जात नाही. बार्बाडोसचा ओबाडेल थॉम्पसन १९९६ साली एल पासो येथे ९.६९ सेकंदांत धावला, पण पाठीशी सेकंदाला ५ मीटरहून जास्त वेगाचा वारा असल्यामुळे त्या वेळेची नोंद विक्रमांत झाली नाही. बारा वर्षांनी बोल्टने बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये नेमकी ९.६९ हीच वेळ दिली, तेव्हा वाऱ्याची नोंद ०.० होती आणि तो जागतिक विक्रम ठरला. म्हणून अशा शर्यतीच्या बातमीत वेळेच्या शेजारी वाऱ्याचा आकडा, अधिक किंवा उणे चिन्हासह, दिलाच पाहिजे. स्पर्धेच्या अधिकृत निकालपत्रकात तो छापलेला असतो.